हे काय, आलंच

माझी थोरली जाऊ बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. तिच्याबद्दल लोक काय वाट्टेल ते बोलतात, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं डोकं जरा शांत होईल. तोंडाने फटकळ आहे म्हणतात. माणसाला धीर म्हणून देत नाही म्हणतात. एकाने तर तिच्यासमोर उभं राहून तिच्या साहेबांना विचारलं होतं की खिडकीत बसवायला दुसरं कोणी मिळालं नाही का तुम्हाला. का, तर तिने त्याला सांगितलं की गाडी रस्त्यात बंद पडलीय, दुपार होईल, जाऊन जेवून या. गाडी दुपारीच आली. पण राग गाडीवर नाही, सांगणारीवर.

तिच्या आधीच्या पाळीला जो गृहस्थ बसतो, तो मात्र सगळ्यांचा लाडका. त्याचं एकच उत्तर, ‘येतेच आहे.’ गाडी तिकडून सुटलेली नसली तरी येतेच आहे. लोक खूश होऊन बाकावर बसतात आणि तिथेच अडकतात. पोरं भुकेने किरकिरतात, पण खाणावळीपर्यंत जायचं कसं, तेवढ्यात गाडी आली तर? म्हातारी माणसं लघवी दाबून बसतात. मी एकदा थोरलीचा डबा द्यायला गेले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलंय. एक आजोबा सकाळपासून ‘येतेच आहे’च्या भरवशावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पाळी बदलली, थोरली खुर्चीत बसली, काचेच्या भोकातून तिने त्यांना सांगितलं, “आजोबा, संध्याकाळशिवाय नाही येत. मागच्या बाजूला मुतारी आहे, जाऊन या. जेवा. मी आहे इथे.” आजोबा तिच्यावरच खेकसले. पण उठले आणि गेले.

तिची कामाची एक रीत आहे. ड्रायव्हरला फोन लावून कुठवर आलास, असं ती कधीच विचारत नाही. “तसं विचारलं की हे काय, आलोच, असंच म्हणतात,” ती म्हणते. “मागचा थांबा कधी सोडलास, ते विचारायचं. त्याला माणूस खोटं बोलत नाही. बाकीचं आपण जुळवायचं.” हे तिला तिच्या नवऱ्याने शिकवलं. तो ड्रायव्हरच होता.

माझ्या या थोरल्या दिरांना मी फक्त फोटोत पाहिलं. मी लग्न करून आले तेव्हा ते भिंतीवर होते. ते तिला नावाने हाक मारत नसत, ‘खिडकी’ म्हणत. गाडी स्टँडात वळवताना स्टिअरिंगवरून एक हात काढायचे आणि बोटाने हवेत चौकोन काढायचे. म्हणजे, बघितलं हं तुला. घरीसुद्धा तेच. तोंडात घास असला, फोनवर बोलत असले, की बोटाने चौकोन. म्हणजे, खिडकी, पाणी दे. खिडकी, इकडे ये. हे सगळं मला थोरलीनेच सांगितलं, भाजी निवडता निवडता. सांगताना हसत होती.

मग त्यांच्या घशात काहीतरी निघालं. इथल्या दवाखान्याने हात टेकले आणि मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात पाठवलं. बसने अर्ध्या दिवसाचा रस्ता. तिथे राहायला सासूबाई आणि माझा नवरा. थोरलीने कामावर जायचं, कारण घर तिच्या पगारावर चाललं होतं.

आता जे सांगणार आहे ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी या दोघांना आत बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. दोघं बाहेर आले, जिन्यात उभं राहून चहा प्यायले आणि ठरवलं की तिला सांगायचं नाही. ती कोसळेल. हे ठरवायला त्यांना एक चहा पुरला. माझ्या नवऱ्यानेच मला लग्नानंतर हे सांगितलं, तेही असं की बघ, आम्ही किती समजूतदारपणे घेतलं. मी म्हटलं, आता तरी जाऊन सांगा त्यांना. तर म्हणाला, जुनं उकरून काय मिळणार? या एका वाक्यावरून आमची किती भांडणं झाली असतील, देव जाणे.

तर थोरली सुट्टीच्या दिवशी जायची, त्यांच्याजवळ तासभर बसायची आणि शेवटच्या गाडीने परत यायची. विचारलं की दोघं म्हणायचे, थोडंच राहिलंय, आता घरीच आणायचं. तिने काय केलं असेल? रजा साठवली. घरी आणलं की त्यांच्याजवळ सलग बसता येईल म्हणून एकेक दिवस जपून ठेवला. स्वतःला ताप आला तरी कामावर गेली. घरी भिंतींना रंग काढला, पलंग ओढून खिडकीशी आणला, नवी गादी भरून घेतली. परक्या ड्रायव्हरवर तिचा विश्वास नव्हता, घरच्यांवर होता. त्यामुळे मागचा थांबा कधी सोडला, हे तिने डॉक्टरांना कधी विचारलंच नाही.

ते गेले त्या सकाळी ती माइकवर गाड्या पुकारत होती. फोन खिडकीतच आला.

मागाहून ती त्यांचे कपडे आणायला हॉस्पिटलात गेली तेव्हा डॉक्टर सहज बोलून गेले की घरच्यांना आम्ही आधीच कल्पना दिली होती. ती घरी आली. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. तिने त्यांना विचारलं, “आई, तुम्हाला माहीत होतं?” सासूबाई म्हणाल्या, “आम्हाला तरी कुठे माहीत होतं गं,” आणि गॅसकडे वळल्या. थोरलीने पुन्हा विचारलं नाही. साठवलेली रजा वर्ष संपल्यावर बुडाली.

तेव्हापासून या घरात हे असं चाललंय. थोरली सासूबाईंचे गुडघे चोळून देते, गोळ्या वेळेवर हातात ठेवते, जेवायला वाढते. वर एक शब्द नाही. सासूबाई नको इतकं गोड बोलतात. माझा नवरा वहिनी, वहिनी करतो. आणि तिला काय हवंय ते मला माहीत आहे, कारण तिने एकदा मला सांगितलं होतं. माफी नको होती तिला. कोणीतरी एकदा तोंडाने म्हणावं की हो, आम्हाला माहीत होतं, एवढंच. मला माहीत आहे की त्यांना माहीत होतं, ती म्हणाली, पण ते म्हणत नाहीत तोवर मीच वेडी ठरते.

मागच्या हिवाळ्यात सासूबाईंनी जाहीर केलं की डोंगरावरच्या देवाला पायी जायचं. दीर आजारी असताना त्यांनी नवस बोलला होता, माझा पोरगा बरा कर, पायी येईन. पोरगा काही बरा झाला नाही. मग नवस कसला फेडायचा? मी तसं विचारलंही. तर म्हणाल्या, “देव शब्दाला चुकला म्हणून मी का चुकू?” माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली. देवाला दिलेल्या शब्दाची एवढी काळजी, आणि घरातल्या बाईला एक शब्द द्यायला जीभ वळत नाही. मी भांडी आपटली. पुढे त्या म्हणाल्या, “थोरली येणार असेल तरच जाईन.” थोरलीने लगेच रजा टाकली. आता ती रजा साठवतच नाही. माझ्या मुलीला सर्दी झाली तरी टाकते.

तर मुलीला माझ्या आईकडे ठेवून आम्ही चौघं सकाळीच डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. सासूबाईंनी देवाला वाहायला फुलं घेतली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. नवऱ्याने त्यांना भाड्याची काठी घेऊन दिली. काठीवाल्याला सासूबाईंनी विचारलं, “लांब आहे का हो?” तो म्हणाला, “छे, आजी. हे काय, आलंच.”

इथून जे सुरू झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या वाटेवर एक माणूस खरं बोलत नाही. एकही नाही. खाली उतरणारा प्रत्येक जण लाल तोंडाने, लटपटत्या पायांनी येतो आणि चढणाऱ्याला हसून सांगतो, आलंच, थोडंच राहिलंय, ते काय दिसतंय. पहिल्या वळणावर चहाचं दुकान, त्यावर पाटी, ‘शेवटचं दुकान. यापुढे काही मिळणार नाही.’ आम्ही घाबरून चहा प्यायलो, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. पुढच्या वळणावर दुसरं शेवटचं दुकान. त्याच्यापुढे तिसरं, आणि त्याच्याकडे तर आइस्क्रीमसुद्धा होतं. मी त्याला म्हटलं, “अहो, शेवटचं दुकान खाली होऊन गेलं की.” तो शांतपणे म्हणाला, “त्याचं ते शेवटचं, माझं हे शेवटचं.” काय बोलणार अशा माणसाशी.

वर कड्याच्या टोकाशी पांढरं काहीतरी चकाकत होतं. जो तो त्याच्याकडे बोट दाखवायचा. अर्ध्या चड्डीतले एक काका, छातीवर शिट्टी लटकवलेली, ते तर थांबून म्हणाले, “आजी, ते समोर दिसतंय ना, तेच. नातवंडांचं नाव घ्या आणि चढा.” सासूबाईंनी हात जोडले. त्या पांढऱ्याला नमस्कार केला आणि पुन्हा काठी टेकली.

थोरली सगळ्यांच्या मागे चालत होती. ती कोणाला किती राहिलं म्हणून विचारत नव्हती. उतरणाऱ्या बायकांना ती विचारायची, “वरून कधी निघालात?” बायका सांगायच्या, वाटेत काय काय लागलं तेही सांगायच्या. ती घड्याळात बघायची आणि गप्प व्हायची. मी तिच्याजवळ गेले तर हळू आवाजात म्हणाली, “ती पाण्याची टाकी आहे. देवस्थान टाकीच्या मागच्या डोंगरावर.” मी म्हटलं, “मग सांगा ना आईंना.” ती म्हणाली, “विचारलं तर सांगेन.”

आणि गंमत बघा, सासूबाईंनी त्या वाटेवर प्रत्येकाला विचारलं. दुकानदाराला विचारलं, शिट्टीवाल्याला विचारलं, पाठीवर पोर बांधलेल्या बाईला विचारलं, माझ्या नवऱ्याला तर दर दहा पावलांना विचारलं. फक्त थोरलीला विचारलं नाही. सगळ्या डोंगरावर खरं सांगणारी एकच बाई, ती यांच्या मागे चालतेय, आणि या मान वळवत नाहीत. मला कळत होतं त्या का विचारत नाहीत ते, आणि म्हणूनच जास्त राग येत होता.

दुपार झाली. ऊन वरून आणि दगडांतूनही येत होतं. सासूबाईंचे ओठ पांढरे पडले होते, गुडघे थरथरत होते. एका मोठ्या दगडावर त्या बसल्या आणि उठेचनात. नवरा त्यांच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला, “आई, एवढं आलो, आता कुठे बसतेस? हे काय, आलंच. पाच मिनिटं.”

“नाही आलं,” थोरली म्हणाली.

ती ओरडली नाही. खिडकीतून सांगते तसंच सांगितलं. “निम्मा चढसुद्धा झाला नाही, आई. ती टाकी आहे. तिच्यामागे खाली उतरून पुन्हा चढायचं आहे आणि तो चढ याच्यापेक्षा उभा आहे. तुमच्या पायांनी संध्याकाळ होईल. उतरताना अंधार.”

नवऱ्याचं तोंड असं झालं, जणू तिने डोंगरच ढकलला त्याच्या अंगावर. “वहिनी, काय हे? आईचा धीर खचवताय तुम्ही.”

मी तोंड उघडणार होते, पण सासूबाईच कडाडल्या. दगडावर बसल्या बसल्या काठी आपटून म्हणाल्या, “तुला काय मिळतं गं असं तोडून बोलायला? जरा गोड बोलली असतीस तर चढले असते मी.”

“आणि वर जाऊन पडला असतात तर?”

“पडले असते तर पडले असते. तोवर आशा तरी राहिली असती. पण नाही. तुला सगळं उघडं करून पाहिजे. काय करायचं असतं गं खरं ऐकून? तेव्हा तुला सांगितलं असतं तरी काय केलं असतंस तू? रडत बसली असतीस, दुसरं काय?”

बोलून गेल्या. बोलल्यावर त्यांनाच कळलं. काठीवरचा हात तसाच राहिला. माझा नवरा झटकन उभा राहिला आणि म्हणाला, “आई, चल बरं, ऊठ. आलंच.” या माणसाशी मी लग्न केलंय.

थोरली सासूबाईंकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं.

“रजा टाकली असती,” ती म्हणाली.

खालून एक घोळका गाणी म्हणत आला, आम्हाला वळसा घालून पुढे गेला. थोरलीने मग माझ्या नवऱ्याकडे बघितलं. “भाऊजी, तुम्हालाही माहीत होतं.”

तो बुटाच्या नाडीकडे बघायला लागला. “तुमच्यासाठीच केलं, वहिनी.”

आता मात्र माझा ताबा सुटला. मी म्हटलं, “त्यांच्यासाठी? त्यांच्यासाठी काय केलंत? रडणारी बाई समोर नको होती तुम्हाला, म्हणून केलंत. त्यांचा नवरा जाणार हे तुम्हाला माहीत, आईंना माहीत, डॉक्टरांना माहीत. एकटी बायको तेवढी घरी गादी भरत बसली होती. आणि परत तुम्ही मोठे समजूतदार.” आणखीही बरंच बोलले. वाटेवरचे लोक थांबून ऐकत होते. ऐकू देत. मी बोलता बोलता रडायला लागले, तेव्हा थोरलीनेच मला बाटली दिली.

मग ती सासूबाईंसमोर खाली बसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आई, तुम्हाला वर जायचंय का? खरं सांगा. जायचं असेल तर मी नेते. कितीही वेळ लागू दे.”

सासूबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाल्या, “नाही. पहिल्या दुकानापाशीच पाय गेले होते माझे.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“सगळे म्हणत होते, आलंच.”

मी फुलांची पुरचुंडी उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली. म्हटलं, “तुम्ही जा. आईंच्या नावाने वाहून या. पाच मिनिटांचं तर आहे.” तो माझ्याकडे बघत राहिला. मी काही नजर खाली घेतली नाही. गेला मुकाट्याने.

आम्ही तिघी उतरायला लागलो. सासूबाईंचा एक हात काठीवर, एक थोरलीच्या खांद्यावर. मी पुढे, घसरल्या तर धरायला. एका धापा टाकणाऱ्या माणसाने विचारलं, “किती राहिलं हो?” सासूबाई म्हणाल्या, “आम्हाला नका विचारू. आम्ही वर गेलोच नाही.” तो बिचारा गोंधळून बाजूला झाला.

तिसऱ्या शेवटच्या दुकानाच्या खाली झाडाची सावली होती. तिथे टेकलो. सासूबाई समोरच्या दरीकडे तोंड करून बसल्या होत्या. आम्हा दोघींपैकी कोणाकडेच न बघता त्या म्हणाल्या, “घशात नळी घातल्यावर त्याचं बोलणं बंद झालं होतं.”

थोरली म्हणाली, “माहीत आहे. मी यायचे ना सुट्टीला.”

“सुट्टीला यायचीस. पण तो रोज विचारायचा.” सासूबाईंनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि बोटाने हवेत चौकोन काढला. आडवी रेघ, उभी रेघ, पुन्हा आडवी, पुन्हा उभी. “असं. दिवसातून कितीदा तरी. नर्सला वाटायचं खिडकी उघडायला सांगतोय. ती जाऊन उघडायची. तो मान हलवायचा, नाही नाही करायचा. तिला वाटायचं वारा लागतोय. ती परत लावायची.”

थोरलीचा हात तोंडावर गेला.

“मला कळायचं तो काय मागतोय ते,” सासूबाई म्हणाल्या. “मी त्याला म्हणायचे, येतेच आहे. रोज म्हणायचे, येतेच आहे. शेवटच्या दिवशी पण तेच म्हटलं. तो दाराकडे बघत होता.”

मला वाटलं थोरली आता ओरडेल. मला वाटत होतं तिने ओरडावं. तिने त्यांना तिथेच सोडून खाली निघून जावं असंही मला वाटलं, आणि ती गेली असती तर मीही गेले असते, म्हातारीला डोंगरावर टाकून आल्या म्हणून जगाने काय बोलायचं ते बोललं असतं. पण थोरली कपाळ गुडघ्यांवर टेकून बसली. तिची पाठ हलत होती. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढे केला आणि परत मागे घेतला. तेवढी तरी लाज होती.

बऱ्याच वेळाने थोरलीने तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि काठी उचलून सासूबाईंच्या हातात दिली. “चला,” ती म्हणाली. “अजून दोन दुकानं उतरायची आहेत. शेवटचा उतार निसरडा आहे, तिथे बसत बसत उतरा.”

लोक मला विचारतात की मग झालं ना सगळं, मिटलं ना? काय मिटलं? थोरलीने माफ केलं की नाही ते मी तिला विचारलेलं नाही, तो तिचा प्रश्न. मी नाही केलं. धीर देतो, धीर देतो म्हणत एका माणसाला दाराकडे बघत ठेवलं आणि एका बाईला खिडकीत बसवून ठेवलं. मधला रस्ता अर्ध्या दिवसाचा होता आणि त्या रस्त्यावर रोज गाड्या धावत होत्या. थोरली स्वतःच त्या माइकवर पुकारत होती.

आम्ही पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. काठी परत केली. तिथल्या स्टँडच्या बाकावर तिघी बसलो, आमच्या पिशवीत पाव, फळं आणि उकडलेले बटाटे तसेच होते. नवऱ्याचा पत्ता नव्हता. दिवे लागले. दुकानदारांनी पाट्या आत घेतल्या. आम्हाला सवयच अशी, की घरातलं एक माणूस यायचं असलं की डबा उघडायचा नाही. आम्ही पिशवी मध्ये ठेवून डोंगराकडे बघत बसलो.

माझा फोन वाजला. नवराच होता. लांबून, वाऱ्यातून त्याचा आवाज आला, “हे काय, आलोच.”

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “खरं सांग,” त्या म्हणाल्या. “टाकी कधी सोडलीस?”

पलीकडे तो थांबला. मग काहीतरी म्हणाला. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

“अजून टाकीपाशीच आहे,” त्या थोरलीला म्हणाल्या. मग फोनमध्ये म्हणाल्या, “सावकाश ये. बॅटरी लावून ये. आम्ही जेवून घेतो.”

फोन मला परत दिला. थोरलीने पिशवी उघडली आणि पहिला पाव सासूबाईंच्या हातात दिला.